वाचकांचे प्रश्न : दहा गुरू, एक ज्योत

प्रश्न : शिखांच्या दहाही गुरूंमध्ये एकच ज्योत होती म्हणतात. हा पुनर्जन्म समजायचा का? आणि १७०८ नंतर देहधारी गुरू का झाले नाहीत?

उत्तर : पुनर्जन्म नव्हे. गुरू नानकांनी आपले शिष्य भाई लहणा यांना गादी दिली, तेव्हा दोघेही हयात होते. परंपरा सांगते, नानकांनी लहणांपुढे पाच पैसे आणि नारळ ठेवला, स्वतः त्यांच्यापुढे माथा टेकला आणि त्यांना नाव दिलं अंगद, म्हणजे आपल्याच अंगाचा भाग. श्रीचंद आणि लखमीदास हे दोन मुलगे असताना! गुरू शिष्यापुढे वाकतो, हा या परंपरेचा गाभा आहे. १६९९ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग यांनी पंजप्याऱ्यांना, म्हणजे खालशाच्या पहिल्या पाच शिष्यांना, दीक्षेचं अमृत दिलं आणि मग त्यांच्याच हातून स्वतः घेतलं, तेही याच वाटेने.

सत्ता आणि बलवंड या रबाबींच्या, म्हणजे रबाब वाजवून गाणाऱ्यांच्या, 'वार' या स्तुतिगीतात म्हटलंय, 'जोति ओहा जुगति साइ'. ज्योत तीच, रीतही तीच. पालटली ती काया. लोक ज्योत लक्षात ठेवतात आणि 'जुगति' विसरतात, तिथेच घोटाळा होतो. जगण्याची रीत टिकली तरच ज्योत पुढे जाते. म्हणून वय आड आलं नाही : अमरदास ७३व्या वर्षी गुरू झाले, हरकृष्ण पाचव्या. चौथ्या गुरूंपासून गादी सोढी घराण्यात राहिली हे खरं, पण थोरलेपणाचा हक्क तिथेही चालला नाही. रामदासांनी थोरल्या पृथीचंदांऐवजी धाकट्या अर्जनांना निवडलं. औरंगजेबाच्या दरबारात रामरायांनी नानकवाणीतला एक शब्द बदलला, आणि गुरू हरराय यांनी थोरल्या मुलाला दूर केलं. एका शब्दासाठी!

ज्योत एकच, याचा पुरावा गुरू ग्रंथसाहिब या धर्मग्रंथातच आहे. शबदाच्या, म्हणजे ग्रंथातल्या पदाच्या, माथ्यावर 'महला ५' दिसलं की रचना पाचव्या गुरूंची, अर्जनदेवांची. शेवटच्या ओळींत मात्र नाव येतं 'नानक'. पहिले पाच आणि नववे, सगळे याच नावाने लिहितात. आकडा नजरेतून सुटला की सगळी वाणी पहिल्या गुरूंचीच वाटते.

१७०८ मध्ये नांदेडला गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिलं. ही परंपरा तुटली असं मानू नका. सिद्ध योग्यांनी 'तुझा गुरू कोण' विचारलं, तेव्हा नानकांचं उत्तर होतं, 'सबदु गुरू', म्हणजे शबद हाच गुरू. देहातून बोलत होता तोही शबदच.

प्रश्न : हुकमनामा कुठून वाचतात?

उत्तर : हुकमनामा म्हणजे ग्रंथातून मिळणारा गुरूचा आदेश. अरदास, म्हणजे प्रार्थना, झाल्यावर ग्रंथसाहिब सहज उघडतात आणि डाव्या पानाच्या माथ्यावरचा शबद वाचतात. तो आधीच्या पानावर सुरू झाला असेल, तर पान मागे उलटून पहिल्या ओळीपासून वाचायचा. मधूनच सुरुवात केली तर 'महला' मागेच राहतो आणि अर्थही अर्धा हाती येतो.