वाकता येत नसेल तर अंघोळ करताना पाय घासण्यासाठी जमिनीला चिकटणारा ब्रश खरंच उपयोगी पडतो का?

पडतो, पण फरशी गुळगुळीत असेल तरच. या ब्रशच्या तळाला रबरी चकत्या असतात. त्या दाबल्या की आतली हवा निघून जाते आणि ब्रश जागेवर धरून राहतो. खडबडीत फरशीवर किंवा टाइल्सच्या सांध्यावर हवा आत शिरते आणि ब्रश सरकू लागतो.

खरा धोका वेगळाच आहे. साबणाचं पाणी, ओली फरशी आणि त्यात एका पायावर उभं राहणं! कंबरदुखी, गरोदरपण किंवा वय यामुळे वाकणं जमत नसेल, तर तोल जाण्याची भीती जास्तच. म्हणून स्टुलावर बसूनच पाय घासा. भिंतीला पकडायला दांडा असेल तर उत्तम.

या ब्रशने मळ आणि बोटांमधली घाण निघते. टाचांची जाड कातडी मात्र निघत नाही, त्याला वजरीच हवी. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील तर कडक दातेरी ब्रश नकोच. खरचटलेलं कळत नाही आणि जखम चिघळते. अशांनी मऊ कापड लावलेला लांब दांड्याचा ब्रश घ्यावा.

वापरून झाल्यावर ब्रश उचलून उलटा वाळत ठेवा, नाहीतर खाली बुरशी धरते.