माझ्या दृष्टिहीन भावाला नोकरीसाठी आता कुठला कोर्स लावावा?

भावाला दिसत नाही, पदवी झालीय, कॉम्प्युटरचे दोन कोर्स झालेत, तरी नोकरी लागत नाही, तर आता तिसरा कुठला लावावा, असं तुम्ही विचारलंय.

कुठलाच लावू नका.

एवढंच लिहून थांबणार होतो, पण तो 'तिसरा' शब्द डोक्यातून जाईना. मी पाच केलेत. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या आजारामुळे विशीच्या आतच माझी नजर गेली आणि पुढची अडीच वर्षं मी एका प्रशिक्षण केंद्रात 'तयार' होत होतो. बेसिक कॉम्प्युटर. मग ॲडव्हान्स्ड, म्हणजे तोच बेसिक, फक्त प्रमाणपत्र वेगळं. मग टेलिफोन ऑपरेटर, ज्या कामाला तेव्हाच घरघर लागली होती. मग व्यक्तिमत्त्व विकास. मग पुन्हा कॉम्प्युटर. दर वेळी सर म्हणायचे, "अजून एक बॅच कर. तू अजून तयार नाहीस." त्या केंद्राला पैसे मिळायचे ते बॅचमध्ये किती डोकी बसली त्यावर, किती जण कामाला लागले त्यावर नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी सरांना न सांगता एका कंपनीच्या हिशेब विभागात अर्ज टाकला. मुलाखतीत पहिले दोन प्रश्न जिन्याचे आणि स्वच्छतागृहाचे. तिसरा आला तो कामाचा, बँकेच्या ताळमेळाचा. मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एनव्हीडीए होतं. हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट आहे, 2006 साली मायकेल करन या स्वतः दृष्टिहीन असलेल्या ऑस्ट्रेलियन तरुणाने तो लिहायला घेतला, आणि तो इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनही चालतो. त्यांच्याच मशीनवर त्यांचीच एक्सेल शीट उघडून ताळमेळ लावून दाखवला. घेतलं मला.

पहिल्या दिवशी कंपनीचा स्वतःचा व्हाउचरचा प्रोग्रॅम उघडला आणि टॅब दाबत गेलो. कानात आलं: "बटण. बटण. बटण. बटण. बटण." पाच बटणं, पाचही चित्रांची, एकालाही नाव नाही. दिसणाऱ्याला फ्लॉपीचं चित्र दिसतं, फुलीचं दिसतं, मला फक्त 'बटण'. मग मोजून पाठ केली. पहिलं नवीन, दुसरं रद्द, तिसरं जतन. तीन दिवस छान चाललं. चौथ्या दिवशी प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आणि सगळ्यात पुढे एक बटण वाढलं. सकाळपासून भरलेली चाळीस व्हाउचरं जतन करायला मी सवयीने तिसरं बटण दाबलं. ते आता रद्द होतं. 'नक्की का?' असं विचारायची पद्धत त्या प्रोग्रॅमला नव्हती.

साहेब फक्त एवढंच म्हणाले, "मला वाटलंच होतं." घरी आल्यावर मी, मूर्खासारखा, सरांना फोन केला. ते म्हणाले, "मी सांगत होतो ना? पुढच्या महिन्यात नवी बॅच आहे."

दुसऱ्या दिवशी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या. माझ्या हेडफोनचं एक टोक कानात घातलं, टॅब दाबत गेल्या आणि हसायलाच लागल्या. "अहो, हे असं ऐकू येतं होय तुम्हाला?" जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या बटणांना नावं लागली होती. दोन तास, फार तर. चित्राला नाव द्यावं लागतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. माझी अडीच वर्षं आणि त्यांचे दोन तास. आता सांगा, प्रशिक्षण नेमकं कुणाचं कमी पडलं होतं?

संयुक्त राष्ट्रांचा 2006 चा अपंग हक्क करारही हेच सांगतो. कामाच्या ठिकाणी वाजवी बदल करून द्यायला नकार देणं हा त्या करारानुसार भेदभावच आहे. पण त्याच्याही कितीतरी आधी मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्डने एक हिशेब मांडला होता. त्याच्या कारखान्यात 7,882 प्रकारची कामं होती. ती एकेक तपासून त्याने 1922 मध्ये लिहिलं की 2,637 कामं एक पाय असलेल्या माणसाला जमतील, 670 दोन्ही पाय नसलेल्याला, 715 एकच हात असलेल्याला. आंधळ्यांच्या वाट्याला दहाच आली, पण ते सोडा, तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. फोर्ड काही संत नव्हता. तरी त्याने आधी कामाची यादी केली, मग माणूस शोधला. आमच्या केंद्रात माणसाला समोर बसवून त्याच्यात काय काय नाही याचीच यादी व्हायची.

तेव्हा भावाच्या कोर्सचे पैसे आणि वर्ष वाचवा. त्याला जे काम करायचंय ते करणाऱ्या माणसाला गाठा, तिथे कुठला प्रोग्रॅम वापरतात ते विचारा आणि अर्ध्या तासाची चाचणी मागा. आधी कामावर घ्या, मग कामाच्या जागीच शिकवा, ही रीत बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी 1980 च्या दशकापासून रुळलीय, सोबत शिकवणारा माणूस देऊन. त्यांना जमतं, तर पदवीधराला आधी पाच प्रमाणपत्रं का लागावीत?

आता थोडं सावरून घेतो. भाऊ पांढऱ्या काठीने एकटा फिरत नसेल किंवा कीबोर्ड चाचपडत टाइप करत असेल, तर ते आधी शिकायलाच हवं, त्याला पर्याय नाही. मी बोलतोय ते न दिसण्यापुरतं. कर्णबधिरांची अडचण वेगळी आहे आणि तिच्यावर मी तोंड उघडू नये. शिवाय मला त्या मॅडम भेटल्या. दुसरीकडे चौथ्या दिवशीच हातात नारळ मिळाला असता.

सरांचा गेल्या महिन्यात फोन आला होता. मी त्या कंपनीत अकरा वर्षं टिकलो हे केंद्राच्या पत्रकात छापलंय म्हणे, पाच कोर्सचं फळ म्हणून. नव्या बॅचला येऊन चार शब्द सांग म्हणाले. मी म्हटलं, येतो, पण मुलांपुढे नाही. कंपन्यांचे साहेब आणि प्रोग्रॅमर बोलवा, त्यांच्या कानात हेडफोन घालून तासभर टॅब दाबायला लावतो. त्यावर सर म्हणाले, "ते नंतर बघू. आधी मुलं तर तयार होऊ देत."

असो. भाऊ कुठला स्क्रीन रीडर वापरतो आणि त्याला कुठलं काम करायचंय, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते कळवा. खरं तर पुढचा प्रश्न त्यालाच टाइप करू द्या.