खांद्याच्या संशोधनासाठी इंग्लंडला यायचं म्हणतोस, तर

भाऊ, तुझं म्हणणं असं: धुळ्यात हाडांच्या दवाखान्यात फिजिओ आहेस, खांदा आणि फ्रॅक्चरवर संशोधन करायचंय, त्यासाठी इंग्लंडला एमएस्सी करावी का, आणि घरचे शेत गहाण टाकायला तयार आहेत तर टाकू द्यावं का.

शेताचं आधी. टाकू देऊ नकोस. एमएस्सी झाली की इथे फिजिओ म्हणून काम करायला लागणारी नोंदणी आपोआप मिळते, असं एजंट बिनधास्त सांगतात. आपल्यासारख्या बीपीटीएच (फिजिओची पदवी) झालेल्यांना मिळणाऱ्या बहुतेक एमएस्सीने ती मिळत नाही. नोंदणी देते एचसीपीसी ही इथली नियामक संस्था, आणि तो अर्ज धुळ्यात बसून करता येतो. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 7 हवेत, कुठल्याही भागात 6.5 च्या खाली चालत नाही. फिजिओची वेगळी परीक्षा नसते, काय शिकलास, वॉर्डात किती तास काम केलंस, याचे कागद बघतात. ते नाशिकच्या विद्यापीठातून आणि कॉलेजातून काढायचे, तेव्हा आत्ताच मागे लाग. नोंदणी झाली तरी नोकरी हातात येतेच असं नाही. नवख्यांच्या एकेका जागेवर अर्जांचा ढीग पडतो.

आता संशोधन. इथे आल्यावर मला सगळ्यात जड गेलं ते हे, की खांद्यावरचे मोठे प्रयोग नवीन काहीतरी शोधायला निघालेले नाहीत. करतोय ते कमी केलं तर चालेल का, हे ते विचारतात. 2015 चा प्रोफर नावाचा प्रयोग घे. खांद्याजवळ दंडाचं हाड मोडून सरकलेले 250 रुग्ण, अर्ध्यांना ऑपरेशन, अर्ध्यांना झोळी आणि मग व्यायाम. दोन वर्षांनी हाताच्या कामात म्हणण्यासारखा फरक नाही. 2020 च्या यूके फ्रॉस्टमध्ये जखडलेल्या खांद्याचे 503 रुग्ण होते. भूल देऊन खांदा मोकळा करणं, दुर्बिणीचं ऑपरेशन, किंवा इंजेक्शनसह फिजिओ: एकही बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. आणि 2021 चा ग्रास्प तर आपल्याच पोटावर येतो. खांद्याच्या स्नायुबंधांचं दुखणं असलेले 708 जण. फिजिओकडे सहा बैठकांपर्यंत व्यायाम आणि एकाच बैठकीत नीट समजावून घरी पाठवणं, वर्षभरात निकाल जवळपास सारखाच.

आपल्याकडे हे सांगून बघ. शेक नाही, मशीन नाही, म्हातारी म्हणेल, "या डॉक्टरले काही येस नही का?"

म्हणून इथल्या नोकरीच्या मुलाखतीत दुखणं कमी करायच्या आयएफटी आणि अल्ट्रासाउंड मशीनचा अनुभव पुढे करू नकोस. एखाद्याला काय करायचं नाही ते का ठरवलंस, हे सांगता आलं पाहिजे. पण 'ऑपरेशन कधीच नको' असंही बोलू नकोस. मनगटाच्या फ्रॅक्चरवरच्या ड्राफ्ट-2 प्रयोगात वर्षाअखेर ऑपरेशनने घातलेल्या तारा आणि प्लास्टर सारखेच ठरले खरे, पण प्लास्टरवाल्यांपैकी 13 टक्क्यांना नंतर ऑपरेशन लागलं. निवड इथेच असते.

एमएस्सीच्या एका वर्षात स्वतःचा असा प्रयोग होत नाही, बहुतेकांचा प्रबंध जुन्या अभ्यासांच्या आढाव्यावरच निघतो. खरं काम शिकायचं तर इथल्या दवाखान्यात रिसर्च फिजिओची जागा बघ: रुग्ण निवडणं, संमती घेणं, ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर ही खांद्याची प्रश्नावली भरून घेणं. त्यात 12 प्रश्न आणि 0 ते 48 गुण असतात. काटा-सुरी वापरता येते का, असाही एक प्रश्न आहे. कळण्याची भाकरी थापणारीला तो विचारून काय कळणार? हाच तुझा विषय होऊ शकतो, आणि त्याला व्हिसा लागत नाही. मधुमेह असलेले जखडलेल्या खांद्याचे रुग्ण तुझ्याकडे रोज येत असतील. कॉलेजच्या नैतिक समितीची परवानगी काढ, गाइड धर आणि नोंदी ठेवायला लाग. एचसीपीसीचे कागद तोवर येतील.