रिकव्हरी एजन्सीकडे गेलेलं कार्डाचं कर्ज सिबिलवर कसं दिसतं, आणि सात वर्षांनी जातं का?

तुम्ही विचारलंय की क्रेडिट कार्डाचे ७० हजार थकलेत, बँकेने केस रिकव्हरीवाल्यांकडे दिलीय, तर आता रिपोर्टवर त्या एजन्सीचं वेगळं नाव लागणार का, सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं का, आणि तो माणूस ३० हजारात मिटवून देतो म्हणतोय ते घ्यावं का. मी या तिन्ही गोष्टींत होरपळून निघालोय म्हणून लिहितो.

आधी हे घ्या की एजन्सी रिपोर्टवर दिसतच नाही. ती बँकेने वसुलीला लावलेली माणसं, कर्ज बँकेचंच राहतं आणि रिपोर्टवर नोंदही बँकच करत राहते. तुम्ही बहुतेक अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेत, तिकडे कलेक्शन एजन्सीची वेगळी एंट्री पडते आणि साधारण सात वर्षांनी ती निघते. आपल्याकडे सात वर्षांचा आकडा आहे खरा, पण तो उलटा आहे, क्रेडिट ब्युरोने (म्हणजे सिबिलसारख्या, सगळ्यांच्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने) माहिती किमान सात वर्षं सांभाळायचीच असा नियम आहे, सात झाली की पुसा असं कुठे म्हटलेलं नाही. त्यामुळे गप्प बसून वर्षं मोजायचा प्लॅन असेल तर सोडा.

मग दिसतं काय? त्या कार्डाच्या खात्याखाली महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांचे, त्याला डीपीडी म्हणतात म्हणजे किती दिवस थकलंय. ००० म्हणजे वेळेवर, मग ०३०, ०६० असं चढत जातं, ९० च्या पुढे गेलं की खातं एनपीए म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, आणि काही बँका आकड्याऐवजी एसयूबी (सबस्टँडर्ड), डीबीटी (डाउटफुल) असली अक्षरं टाकतात (एक्सएक्सएक्स दिसलं तर घाबरू नका, त्या महिन्याची माहितीच आलेली नसते). पुढे बँकेने आशा सोडली की 'रिटन ऑफ'. इथे बरेच जण खूश होतात की कर्ज माफ झालं. माफ बिफ काही नाही, बँकेने फक्त आपल्या वहीतून काढलं, तुमच्याकडून यायचं ते येणंच आहे आणि फोनही चालूच राहतात.

एक वेगळा केस म्हणजे बँकेने कर्ज खरंच विकलं तर. मग ते घेणारी बहुतेक वेळा एआरसी म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणारी ॲसेट रिकन्स्ट्रक्शन कंपनी असते, तिचं नाव रिपोर्टवर येतं, आणि मग पैसे तिला, एनओसी (काही बाकी नाही असं पत्र) पण तिचीच. म्हणून एक रुपया द्यायच्या आधी रिपोर्ट काढून बघा की खातं कोणाच्या नावावर आहे. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, कोणाला ५०० रुपये देऊ नका.

आता ते ३० हजार. माझे कार्डाचे ५८ हजार होते, व्याज आणि लेट फी धरून लाखाच्या आसपास गेले, लॉकडाऊनमध्ये नोकरी गेलेली, एजंट म्हणाला ४५ भरा विषय क्लोज. भरले. फोन बंद झाले, मला वाटलं सुटलो. दोन वर्षांनी होम लोनला गेलो तर मॅनेजरने स्क्रीन माझ्याकडे वळवली, त्यावर 'पोस्ट राइट-ऑफ सेटल्ड', म्हणजे रिटन ऑफ झाल्यावर कमी पैशांत मिटवलेलं. स्कोअर तोवर बरा झाला होता तरी त्या एका शब्दावर फाइल परत. एजंटच्या तोंडी 'क्लोज' म्हणजे त्याची केस क्लोज, रिपोर्टवरचं 'क्लोज्ड' वेगळं, ते सगळी रक्कम फिटल्यावरच लागतं. शेवटी बँकेने सोडलेली रक्कमही भरली, ड्यू नाहीत असं पत्र घेतलं, तरी दोन महिने अपडेट नाही, मग ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट म्हणजे नोंद चुकीची आहे अशी तक्रार टाकली तेव्हा कुठे 'सेटल्ड' निघालं.

तुमच्या वेळी एक बरं आहे, एप्रिल २०२४ पासून रिपोर्टबद्दलची अशी तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर बँकेला किंवा ब्युरोला तुम्हाला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, आणि तरी नाही ऐकलं तर रिझर्व्ह बँकेच्या ओम्बुड्समनकडे (तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं, तिथे २०२२ पासून ब्युरोंविरुद्धची तक्रारही घेतात.

माझं मत विचाराल तर येत्या चार-पाच वर्षांत घर किंवा गाडीचं लोन काढायचं असेल तर सेटलमेंट करू नका, बँकेशी थेट बोलून पूर्ण रक्कम हप्त्यात मागा, व्याज आणि लेट फी थोडी सोडतात का बघा, पण सोडलं तरी रिपोर्टवर 'क्लोज्ड' लावणार हे पत्रात लिहून घ्या. खरंच पैसेच नसतील, घरात आजारपण वगैरे असेल, तर सेटल करा, त्यात लाज नाही, फक्त नंतर काय दिसणार ते माहीत असू द्या. कॅश एजंटच्या हातात नको, बँकेच्या लेटरहेडवरचं पत्र आल्यावर थेट कार्डाच्या खात्यात भरा. आणि सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ च्या नंतर तो फोन करत असेल तर ते रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसत नाही, कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, पूर्ण रकमेचं बोलणं करताना मला त्यांचाच उपयोग झाला.