सून किडनी देऊ शकते का? आणि इतर प्रश्न

डुकराच्या किडनीची बातमी आली की प्रत्यारोपणावरच्या पत्रांना भर येतो. या वेळच्या पत्रांतले चार प्रश्न घेतलेत.

सासूबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यात. माझा रक्तगट जुळतो, म्हणून मीच किडनी द्यावी असं घरात ठरतंय. मला दोन लहान मुलं आहेत. काय करू? (एक सून, कागल)

आधी कायद्याचं. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जवळचे नातेवाईक म्हणजे आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको. 2011 च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडं आली. सून त्या यादीत नाही. त्यामुळे तुम्हाला, अशा दानाला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जावं लागेल. कुणाचा दबाव आहे का, हे समिती विचारते. तिथे खरं सांगायचं.

आता माझं मत. 'घरात ठरतंय' हे मला खटकलं. तुम्ही ठरवलंय का? सासूबाईंच्या पोटच्या मुलांची तपासणी झाली का? त्यांना शुगर, बीपी असेल तर गोष्ट वेगळी, पण 'तो कमावता आहे' हे वैद्यकीय कारण नव्हे. आपल्या देशात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकाच जास्त आहेत, आणि ते काही त्यांच्या किडन्या जास्त चांगल्या असतात म्हणून नाही. किडनी देताना दात्याच्या जिवाला असलेला धोका दहा हजारांत तीनच्या आसपास. कमी आहे, पण आहे. मुलाचा रक्तगट जुळत नसेल तर स्वॅपची चौकशी करा: तशाच अडचणीतल्या दुसऱ्या कुटुंबाशी दात्यांची अदलाबदल. कायद्याला ते मंजूर आहे. आणि डॉक्टरांशी एकटीने बोलायची वेळ मागून घ्या, सोबत कुणीही नको.

डुकराची किडनी माणसाला बसवली म्हणे. मग वडिलांसाठी थोडं थांबावं का? (जयसिंगपूर)

नका थांबू. मार्च 2024 मध्ये बॉस्टनला 62 वर्षांच्या एका रुग्णाला अशी किडनी बसवली. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपणही त्याच शहरात झालं होतं, डिसेंबर 1954 मध्ये, जुळ्या भावांत. डुकराच्या पेशींवर काही साखरेचे रेणू असतात. ते दिसले की आपलं रक्त त्या अवयवावर तुटून पडतं. म्हणून त्या डुकराच्या जनुकांत 69 बदल केले होते: साखरेची 3 जनुकं काढली, माणसाची 7 घातली आणि 59 ठिकाणी डुकराचे विषाणू निकामी केले. रुग्ण दोनेक महिन्यांनी वारला. किडनीमुळे वारला असं दिसलं नाही, असं रुग्णालयाने सांगितलं. संशोधन फार मोलाचं आहे. पण डायलिसिसवर जितकी जास्त वर्षं जातात, तितका पुढच्या प्रत्यारोपणाचा निकाल खालावतो. दाता मिळत असेल तर आत्ताच करा, आणि पुण्याच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नावही घाला. कोल्हापूर त्याच केंद्राखाली येतं.

भावाला लिव्हरचा तुकडा दिला तर माझं लिव्हर परत वाढेल? (गडहिंग्लज)

वाढेल. मोठ्या माणसाला देताना बहुधा उजवा भाग, म्हणजे निम्म्याहून जास्त लिव्हर काढतात. उरलेलं दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येतं. पण धोका किडनीदानापेक्षा जास्त, साधारण पाचशेत एक. तुमच्या पत्रात 'थोडं फॅटी लिव्हर आहे' असं ओझरतं लिहिलंय, खरी अडचण तीच. चरबी जास्त असेल तर दाता नाकारतात. वजन उतरवून पुन्हा तपासणीला गेलेले आणि पास झालेले दाते असतात, तेव्हा लगेच हार मानू नका.

प्रत्यारोपणाला वर्ष झालं. तांबडा रस्सा चालेल का? आणि लेव्हल सारखी खाली-वर का होते? (राजारामपुरी)

क्रिएटिनिन आणि पोटॅशियम ठीक असेल तर घरचा, ताजा, नीट शिजलेला रस्सा वाटीभर घ्या. मीठ मात्र बेतानंच. पांढऱ्याचं विचारलं नाहीत, तरी उत्तर तेच.

लेव्हलचं कारण बहुधा तुमच्याच सकाळच्या क्रमात आहे. टॅक्रोलिमसची, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची, रक्तातली लेव्हल बघायची तर आधी रक्त द्यायचं, मग गोळी. तुमच्या पत्रावरून दिसतं, तुम्ही गोळी घेऊन, नाश्ता करून लॅबला जाता. मग आकडा फुगणारच. हे औषध 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूत सापडलं. पुरेसं आणि जास्त यांत त्याचं अंतर फार थोडं. पपनस आणि ग्रेपफ्रूट लेव्हल वाढवतात, काही अँटिबायोटिक्सही. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. आणि अंगदुखीसाठी मनाने गोळ्या घेणं आजपासून बंद.