वाचक विचारतात : पहिल्या ट्रॅक डेची तयारी

प्रश्न : माझे वय २८ असून मी फोंड्याला राहतो आणि वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. माझ्याकडे २०१९ सालची १.२ लिटर पेट्रोल स्विफ्ट आहे. गेली नऊ वर्षे मी गाडी चालवत असून बेळगावला सासुरवाडी असल्यामुळे चोर्ला घाट अंगवळणी पडला आहे. पावसाळा संपल्यावर कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या एका ट्रॅक डेसाठी (आपलीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसासाठी) मी मित्रासोबत नाव नोंदवले आहे. हाताशी दीड महिना आणि पंचवीस हजार रुपये आहेत. गॅरेजमध्ये मला एक्झॉस्ट बदलण्याचा, इंजिन रीमॅप करण्याचा (त्याच्या संगणकाची मांडणी बदलण्याचा) आणि रुंद टायर बसवण्याचा सल्ला मिळाला. यांपैकी आधी काय करावे? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : आपण लिहिलेले तीनही खर्च सध्या बाजूला ठेवावेत. या तिन्हींमुळे गाडीचा वेग वाढेल. मात्र नवख्या चालकाला पहिल्या दिवशी वेग कधीच कमी पडत नाही, त्याला लागते ती, आहे तो वेग प्रत्येक फेरीत खात्रीने उतरवता येण्याची सोय. म्हणून पहिला रुपया ब्रेकवर खर्च करावा, आणि तो पुरता खर्च झाल्यावर काही उरले तरच दुसऱ्या गोष्टीकडे पाहावे.

याचे कारण हिशेबाने पटेल. गाडी, आपण आणि टाकीतील पेट्रोल मिळून वजन साडेनऊशे किलो धरले, तर ताशी १२० किलोमीटरवरून ६० वर येताना ब्रेकना सुमारे ४ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटरहून अधिक साधे पाणी उकळीला येते. घाटात असा कडक ब्रेक क्वचित लागतो आणि पुढे बराच वेळ वारा मिळतो. ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा लागतो आणि थंड व्हायला मधला एखादा सरळ पट्टाच काय तो मिळतो. त्यातही बहुतांश भार पुढच्या दोन चाकांवर येतो. आपल्या गाडीला पुढे डिस्क आणि मागे ड्रम असण्यामागचे कारणही तेच आहे.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरकडे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाकडे) आणि तेथून, गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, त्या द्रवापर्यंत पोहोचते. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो, आणि आपण तर गोव्यात राहतो, जिथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते. डॉट ४ प्रतीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४० आहेत. द्रव उकळला की नळ्यांत वाफेचे बुडबुडे धरतात, आणि द्रव दाबला जात नसला तरी वाफ दाबली जाते. त्यामुळे पायाखालचे पेडल मऊ पडून खाली जाते आणि गाडी मात्र थांबत नाही.

हे मी अनुभवाने लिहीत आहे. माझ्या पहिल्या ट्रॅक डेला मी नवा एअर फिल्टर आणि नवे टायर घालून गेलो होतो, आणि ब्रेकचा द्रव तीन पावसाळे पाहिलेला होता. पाचव्या फेरीत करपलेल्या पॅडचा उग्र वास आत आला. पुढच्या वळणाआधी पाय टाकला तेव्हा रोज अर्ध्यावर घट्ट होणारे पेडल स्पंजासारखे मऊ लागून थेट तळाला गेले. दोनतीनदा भराभर पेडल मारल्यावर थोडा दाब आला, गिअर खाली घेतला आणि गाडी वळणाबाहेरच्या मातीत जाऊन थांबली. कोणाला इजा झाली नाही. नंतर ब्रेकच्या द्रवाच्या टाकीचे झाकण उघडून पाहिले, तर मधाच्या रंगाचा असायला हवा तो द्रव काळपट चहासारखा झाला होता. तेव्हापासून ट्रॅकवर जाणाऱ्या प्रत्येकाला मी आधी बॉनेट उघडून हा रंग पाहायला लावतो.

तेव्हा ट्रॅक डेच्या आधीच्या आठवड्यात सीलबंद डब्यातील डॉट ४ किंवा डॉट ५.१ द्रव घालून चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढून घ्यावी. गाडीच्या पुस्तिकेत डॉट ३ लिहिले असले तरी ही दोन्ही द्रव्ये त्याच जातीची असल्याने चालतात. डॉट ५ मात्र सिलिकोनचे असते, ते यांत कधीही मिसळू नये. हा खर्च काही शे रुपयांचा आहे. पुढचे पॅड निम्म्याहून अधिक झिजले असतील तर बदलावेत, आणि ट्रॅकवर नेण्याआधी त्यांवर काही दिवस साधी धाव घ्यावी, म्हणजे ते डिस्कवर नीट बसतील. समुद्राच्या खाऱ्या हवेने आपल्याकडे डिस्कच्या कडेला गंजाचा ओठ उभा राहतो. तो बोटाला ठळक लागत असेल तर डिस्कची जाडी मोजून घ्यावी, कारण किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो.

टायर सध्या आहेत तेच ठेवावेत, मात्र त्यांचे वय पाहावे. बाजूच्या भिंतीवर DOT या इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात; ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीसोबत आलेले मूळ टायर अजून असतील, तर पंचवीस हजारांतून चार चांगले नवे टायर, त्याच मूळ मापाचे, घेणे योग्य ठरेल. हवा सकाळी गार टायरात पुस्तिकेप्रमाणे भरावी. फेऱ्या मारताना ती तापून वाढते, साधारण दर १० अंश सेल्सिअसला दीड पीएसआय या हिशेबाने. म्हणून प्रत्येक सेशननंतर (ट्रॅकवरील फेऱ्यांच्या एका पाळीनंतर) स्वतःच्या गेजने मोजावी, फार चढली असल्यास थोडी सोडावी आणि संध्याकाळी परतीला निघण्यापूर्वी न विसरता पुन्हा भरावी. चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) सकाळी आणि दुपारी तपासावेत.

गाडीतून सुटे असलेले सारे काढावे : मॅट, छत्री, स्टेपनीचा जॅक, दरवाजातील बाटल्या, मोबाइलचे स्टँड. डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती आदल्या रात्री हलक्या हाताने काढून घरच्या देव्हाऱ्यात ठेवावा. जोरदार ब्रेकमध्ये ती मूर्ती सुटली तर ती सरळ काचेवर किंवा पायाशी येते. पाण्याची रिकामी बाटली ब्रेकच्या पेडलखाली सरकली, तर त्यातून होणारा अपघात कोणत्याही कौशल्याने टळत नाही.

आता चालकाविषयी. चोर्ल्यातील नऊ वर्षे आपल्याला गाडीचा स्वभाव शिकवून गेली आहेत, पण रस्त्यावरची एक सवय ट्रॅकवर घातक ठरते. ती म्हणजे बॉनेटच्या पुढच्या वीस-तीस मीटरवर नजर ठेवणे. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते, म्हणजे आपण जे पाहत आहात ते पाहीपर्यंत मागे पडलेले असते. ब्रेक मारण्याआधीच नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे जावी, आणि गाडी त्या टोकाला पोहोचण्यापूर्वी ती बाहेर पडण्याच्या जागेकडे गेलेली असावी. हात नजरेमागून जातात. ही एक गोष्ट जमली तर दिवस सार्थकी लागला, असे मी मानतो.

बसण्याची जागाही नीट करावी. पाठ सीटला टेकलेली असताना हात लांब केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी असावेत. ब्रेक, गिअर आणि वेग कमी करणे ही सारी कामे गाडी सरळ असताना उरकावीत, मग वळावे, आणि स्टिअरिंग सुटू लागेल तसतसा ॲक्सिलरेटर वाढवावा. आपली गाडी पुढच्या चाकांवर ओढली जाते. वळणात पुढचा भाग बाहेर सरकू लागला, तर स्टिअरिंग आणखी पिळू नये, ॲक्सिलरेटर हळुवार कमी करावा. भर वळणात मात्र पाय एकदम उचलू नये. वजन पुढे झुकते, मागची चाके हलकी होतात आणि गाडीचा मागचा भाग फिरू शकतो. गाडी फिरलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरावेत. दोन चाके मातीत उतरली, तर स्टिअरिंग झटक्याने ओढू नये. सरळ जात वेग उतरवावा आणि मागे पाहून सावकाश वर यावे. एबीएस (ब्रेकमध्ये चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि गाडीत असल्यास ईएसपी (गाडी घसरून फिरू न देणारी यंत्रणा) चालूच ठेवावे.

सकाळच्या ब्रीफिंगला, म्हणजे सूचनांच्या बैठकीला, उशीर करू नये. झेंड्यांचे अर्थ तेथे सांगतात, पण ते घरूनच पाठ करून जावे : पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सेशन थांबले, वेग उतरवून पिट लेनमध्ये (ट्रॅकलगत गाड्या थांबतात त्या पट्ट्यात) परत, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे, पिवळे-लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा, काळा म्हणजे तुम्हालाच आत बोलावले आहे, चौकटींचा म्हणजे सेशन संपले. नवख्यांच्या गटात ओव्हरटेक बहुधा सरळ पट्ट्यावर आणि पुढच्या चालकाने खूण केल्यावरच करू देतात. आपल्याला कोणी मागे टाकत असेल, तर खूण करून आपली रेषा न सोडता जाऊ द्यावे.

प्रत्येक सेशनची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारावी, म्हणजे डिस्क वाऱ्याने थंड होतात. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नये, कारण मागचे तापलेले ड्रम आणि त्यांना आतून दाबणारे ब्रेक शू एकमेकांना चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली लाकडी ठोकळा लावावा. हेल्मेट तोंड झाकणारे असावे. त्यावर स्नेल एसए असा शिक्का असल्यास उत्तम, कारण ती प्रत मोटारींसाठी असून तिचे अस्तर आगीला टिकते, तर एम ही प्रत दुचाकीची आहे. आयोजकांना कोणते चालते, हे आधी विचारून घ्यावे. सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, सुती पँट आणि पातळ तळव्याचे बूट घालावेत. पाणी आणि मीठ घातलेले कोकमाचे सरबत सोबत न्यावे. काचा उघड्या आणि एसी बंद ठेवून वीस मिनिटे चालवल्यावर अंगातील पाणी किती जाते, हे प्रत्यक्षात कळते.

फोंड्याहून कोइमतूर मार्गानुसार आठशे ते नऊशे किलोमीटर आहे. आदल्या दिवशी एकट्याने गाडी हाकत पोहोचून पहाटे ट्रॅकवर उभे राहू नका. दोन दिवस आधी निघावे आणि संपल्यावर त्या रात्री तेथेच मुक्काम करावा. दमलेल्या पायांनी तापलेली गाडी घेऊन रात्री हायवेला लागणे मला त्या साऱ्या दिवसातील सर्वांत धोक्याचे काम वाटते.

प्रश्न : माझा मुलगा पहिल्यांदाच अशा ट्रॅक डेला जाणार आहे. तो म्हणतो की गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, काळजी नको. हे खरे आहे का? (एक आई, म्हापसा)

उत्तर : ताई, आपली शंका रास्त आहे. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा या मथळ्याखाली संघटित शर्यत, पेस-मेकिंग (इतरांना वेग धरून देणे), वेगचाचणी आणि विश्वासार्हता-चाचणी हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नाही, तेथे क्रमांक लावले जात नाहीत, असे आयोजक सांगतात आणि ते खरेही आहे. तरीही रेसिंग ट्रॅकवर झालेल्या नुकसानीचा दावा मंजूर होईल, हे गृहीत धरू नये. मुलाला पॉलिसीचे ते पान वाचायला लावावे आणि कंपनीकडून लेखी उत्तर मागवावे. व्यक्तिगत अपघात विम्यात आणि आरोग्य विम्यातही अशाच अटी असू शकतात, त्याही पाहाव्यात. गाडी दुरुस्त करण्याचा खर्च खिशातून करता येईल एवढीच गाडी ट्रॅकवर न्यावी, हा नियम मी स्वतः पाळतो.

भीतीविषयी सांगायचे, तर ट्रॅकवर समोरून वाहन येत नाही, गुरे आडवी येत नाहीत, मार्शल आणि रुग्णवाहिका उभी असते. नीट चालवलेल्या ट्रॅक डेची ही बाजू खरी आहे. रुग्णवाहिका दिवसभर हजर असते ना आणि नवख्यांसोबत प्रशिक्षक बसतो का, हे दोन प्रश्न आयोजकांना विचारायला त्याला सांगा.

प्रश्न : मी १९ वर्षांचा असून मडगावला राहतो. गोव्यात ट्रॅक नाही. पहाटे चार वाजता नव्या झुवारी पुलावर रस्ता मोकळा असतो, तेथे सराव केला तर चालेल का?

उत्तर : नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी केल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि दुसऱ्या वेळी कैद १ वर्षापर्यंत जाते. पण कायदा नसता तरी माझे उत्तर हेच राहिले असते. पहाटे चारला त्याच पुलावरून मासळीचा टेम्पो जातो आणि रात्रपाळी करून कोणी स्कूटरवर घरी येत असतो. त्यांना तुझा सराव ठाऊक नसतो.

तुझ्या वयाला खरा उपयोग गो-कार्टिंगचा आहे, आणि ते ट्रॅक गोव्यात आहेत. पर्यटकांच्या गर्दीच्या दिवसांत जाऊ नकोस. आठवड्याच्या मधल्या दुपारी जाऊन सलग दोन-तीन सेशन घे. भाड्याच्या कार्टला बहुधा फक्त मागच्या चाकांना ब्रेक असतो, त्यामुळे भर वळणात ब्रेक दाबलास तर कार्ट जागीच फिरते. सरळ असताना ब्रेक, मग वळण, ही सवय ते कार्ट तुला पहिल्या दहा मिनिटांत लावील. प्रत्येक फेरीची वेळ लिहून ठेव, आणि सर्वांत कमी वेळ कोणती यापेक्षा सलग दहा फेऱ्यांच्या वेळांत आपसात किती फरक पडतो ते पाहा. तो फरक अर्ध्या सेकंदाच्या आत आला की मला पुन्हा लिही. मोटार ट्रॅकवर कधी न्यावी, हे त्या वेळी बोलू.