वाचकांचे प्रश्न : सामायिक मळ्यात कोणाकडे कोणते काम?

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यातील एका शाळेत शिकवते. आमच्या मुलांनी पुठ्ठ्यावर एक खेळ तयार केला आहे. त्यात चार खेळाडू मिळून सोळा चौकोनांचा एकच मळा पिकवतात. केळी, कापूस, ज्वारी आणि मूग ही पिके आहेत. एक फेरी म्हणजे एक महिना, आणि जूनपासून मेपर्यंत बारा फेऱ्या होतात. पाण्याच्या सोंगट्या सामायिक आहेत आणि तीन रोपे वाळली की सगळेच हरतात. अडचण अशी, की एक हुशार मुलगा चौघांच्या वतीने खेळतो आणि बाकीचे केवळ त्याच्या सांगण्यावरून सोंगट्या हलवतात. मुलांनी आता पाटकरी (पाटाचे पाणी सोडणारा), मधमाशी आणि व्यापारी अशा तीन नव्या भूमिका सुचवल्या आहेत. त्या घ्याव्यात का?

उत्तर : त्या मुलाला दोष देऊ नये. पटावर सगळेच उघडे मांडलेले असले, की ज्याचा हिशेब जलद तोच सर्वांसाठी विचार करणार, आणि भूमिका चाराच्या सात केल्या तरी तो सातांच्या वतीने खेळेल. भूमिकेला नवे नाव देण्यापेक्षा तिला असे काहीतरी द्यावे, की जे तिलाच दिसते किंवा तिलाच करता येते. आणि त्याबरोबर असे काही काढून घ्यावे, की ज्यासाठी तिला दुसऱ्याकडे जावेच लागेल. ‘हानाबी’ नावाच्या खेळात प्रत्येकाचे पत्ते इतरांना दिसतात, पण त्याला स्वतःला दिसत नाहीत. त्यामुळे तेथे एकट्याची हुशारी पुरी पडत नाही.

या दृष्टीने पाटकरी ही भूमिका उत्तम आहे, आणि तिचे नियम शोधायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागणार नाही. पांझरेच्या काठची फड पद्धत मुलांना अवश्य समजावून सांगावी. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी कोणता फड पडीक ठेवायचा याचा निर्णय शेतकऱ्यांनी मिळून घ्यायचा, अशी ती रचना होती. शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्यामुळे एक फड पडीक राहिला तरी त्याची झळ एकट्याला बसत नसे. पाणी सोडणे हे पाटकऱ्याचे काम होते आणि पिकाची राखण जागल्या करी.

आपल्या पटावर चार ओळी आणि चार खेळाडू आहेत, म्हणजे मांडणी जणू फडासाठीच झालेली आहे. प्रत्येक ओळ हा एक फड मानावा आणि प्रत्येक ओळीत प्रत्येकाचा एक चौकोन असावा. पाण्याच्या पत्त्यांची गड्डी उपडी ठेवावी. पुढच्या दोन महिन्यांचे पत्ते फक्त पाटकऱ्याने पाहावेत आणि त्याने आकडा न सांगता ‘पुरेल’ किंवा ‘पुरणार नाही’ एवढेच सांगावे. पाण्याच्या सोंगट्या तोच ठेवील, मात्र त्याला पेरणी करता येणार नाही आणि कोणती ओळ पडीक ठेवायची या निर्णयात त्याचे मत धरले जाणार नाही. पेरणीआधी ठरवून पडीक ठेवलेली ओळ वाळलेल्या रोपांत मोजू नये. असे केले, की पहिल्याच फेरीत मुलांना खरोखर एकमेकांशी बोलावे लागेल. जूनमध्ये लावलेल्या केळीला घड तयार होईपर्यंत जवळजवळ सगळा खेळ संपतो आणि नेमक्या त्याच शेवटच्या उन्हाळी फेऱ्यांत पाणी आटते, ही गोष्ट पाटकऱ्याने सांगण्याआधीच त्यांना सुचली पाहिजे.

मधमाशीची कल्पना गोड आहे, पण आजच्या पटावर तिला काम नाही. केळीचे फळ परागीभवनाशिवाय धरते. ज्वारीचे काम वाऱ्यावर भागते. मूग स्वपरागित आहे. कापसाला मधमाशीचा थोडाफार उपयोग होतो, पण त्याचे तिच्यावाचून अडत नाही. म्हणून दोन-अडीच महिन्यांत मूग निघाला, की त्या ओळीत गिलके (घोसाळे, ही काकडीवर्गीय वेल) लावण्याची मुभा द्यावी. गिलक्याला नर आणि मादी फुले वेगळी येतात, त्यामुळे मधमाशी त्या चौकोनाला भेट देईपर्यंत फळ धरायचे नाही, असा नियम सरळ बसतो. शेजारच्या चौकोनात कोणी फवारणी केली असेल, तर मधमाशीने ती फेरी दूर राहावे.

व्यापारी मात्र घेऊ नये, असे माझे मत आहे. पीक हाती येईपर्यंत त्या खेळाडूने नुसते बसून राहायचे आणि शेवटी प्रत्येकाच्या मालाची किंमत करायची, म्हणजे सामायिक खेळात वाटणीचे भांडण आणून बसवायचे. बाजारभाव हवाच असेल, तर तो एका पत्त्यावर लिहावा. त्यासाठी एक मूल खर्ची घालू नये.

प्रश्न : आम्ही रावेरचे महाविद्यालयीन विद्यार्थी याच धर्तीवर केळीच्या बागेचा खेळ बनवत आहोत. आमचा ‘रोपवैद्य’ एका खेळीत कोणतेही रोगट रोप बरे करतो, पण त्यामुळे खेळ फारच सोपा झाला आहे. त्याची शक्ती कमी कशी करावी?

उत्तर : शक्ती कमी करू नका, बदला. २००८ साली निघालेल्या ‘पँडेमिक’ या सहकारी खेळात वैद्याची भूमिका एका शहरातला रोग एका झटक्यात साफ करते आणि माणसांच्या साथीत ते शोभतेही. परंतु आपण रावेरचे आहात. सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणू लागलेले केळीचे रोप बरे होत नाही, ते उपटून नष्ट करावे लागते आणि रोग पसरवणाऱ्या माव्याचा बंदोबस्त करावा लागतो, हे आपल्याला घरीच कळले असेल. तेव्हा वैद्याला निदानाचा अधिकार द्या. रोगाचे पत्ते रोपांखाली उपडे असावेत आणि एका फेरीत एकच पत्ता उलटून पाहण्याची परवानगी फक्त वैद्याला असावी. रोप उपटण्याची खेळी मात्र ज्याचे रोप त्यानेच करावी. त्याने नकार दिला, तर पुढच्या फेरीत लगतच्या एका रोपाखाली नवा रोगपत्ता सरकवावा. दुसऱ्याच्या सांगण्यावरून स्वतःचे वाढलेले रोप उपटणे जिवावर येते, आणि तुमच्या खेळातला खरा पेच मला तेथेच दिसतो.

एक गोष्ट वरच्या प्रश्नालाही लागू आहे. काकडीवर्गीय वेली या विषाणूला आश्रय देतात. म्हणून गिलक्याची ओळ केळीला लागून असेल, तर रोगाचा एक पत्ता जास्त ओढावा. मग मधमाशीला गिलके हवे, केळीवाल्याला ते नको, आणि मूग कोणत्या ओळीत पेरायचा हे जूनमध्येच ठरवावे लागेल.

प्रश्न : आमच्या घरी खेळायला आजोबा आणि नात असे दोघेच आहेत. चार भूमिका दोघांत कशा वाटाव्यात? (अमळनेर)

उत्तर : प्रत्येकाने दोन भूमिका घ्याव्यात, पण पाटकरी आणि रोपवैद्य एका हाती देऊ नयेत, कारण गड्डीतले पाणी आणि रोपाखालचा रोग अशा दोन्ही झाकलेल्या गोष्टी एकालाच दिसल्या, तर दुसरा पुन्हा प्रेक्षक होतो. मळा लहान करू नये. प्रत्येक ओळीतले दोन-दोन चौकोन वाटून घ्यावेत. पाटकरी नातीला द्यावा, म्हणजे पाणी पुरेल की नाही हे आजोबांना तिलाच विचारावे लागेल.